गलगंडाच्या ऑपरेशननंतर रिपोर्टात ‘मायक्रोकार्सिनोमा’ निघाला. आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५४ वर्षांच्या, राहणार देवगड तालुका. गळ्याला बऱ्याच वर्षांचा गलगंड होता. तो वाढत गेला, घास अडकायला लागला, आडवं झालं की श्वास कोंडायला लागला, म्हणून दोन महिन्यांपूर्वी पूर्ण थायरॉईड काढला. आधी केलेली सुईची तपासणी साधी आली होती. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात मात्र उजव्या लोबमध्ये ४ मिलिमीटरचा पॅपिलरी मायक्रोकार्सिनोमा, म्हणजे थायरॉईडचा अगदी छोटा कॅन्सर, निघाला. एक डॉक्टर म्हणतात काही करायला नको, दुसरे म्हणतात किरणोत्सारी आयोडीनचा डोस घेऊन मोकळे व्हा, आणि परळचे मामा टाटाला नंबर लावायला निघालेत. मुलाचं विचारणं: सुई चुकली का, डोस घ्यायचा का, रोज मासे खाणाऱ्या घरात हे आलं कुठून, आणि दोघी बहिणींनी तपासून घ्यावं का?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. रिपोर्टातल्या ज्या ओळी तुम्ही उतरवून पाठवल्यात त्यांवरून तुमच्या आईंच्या कॅन्सरचा उपचार ऑपरेशनच्या दिवशीच उरकला आहे. केमो नाही, शेक (रेडिएशन) नाही, आयोडीनचा डोस नाही, दुसरं ऑपरेशन नाही. आता लक्ष द्यायचं ते थायरॉईडच्या गोळीकडे आणि काही आठवडे कॅल्शियमकडे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले रुग्ण माझ्याकडे हा कागद घेऊन येतात तेव्हा सगळं घर त्या एका शब्दाशी थांबलेलं असतं. त्याच्या खालच्या ओळी कुणी वाचलेल्याच नसतात, आणि निर्णय त्या ओळींवर होतो.

म्हणून त्या ओळी आधी वाचू. आकार ४ मिलिमीटर. १ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान पॅपिलरी कॅन्सरला मायक्रोकार्सिनोमा म्हणतात, तुमचा त्याच्या निम्म्याहूनही लहान. ‘एकच केंद्र’ असं लिहिलंय. थायरॉईडच्या आवरणाबाहेर गेलेला नाही. कडा मोकळ्या आहेत. रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही. उपप्रकार क्लासिक, म्हणजे टॉल सेलसारखा आडमुठा नव्हे. शेवटी ‘पीटी१ए, एनएक्स’ लिहिलंय. पीटी१ए म्हणजे १ सेंटिमीटरपर्यंतचा, थायरॉईडच्या आतलाच. एनएक्सने तुम्ही घाबरलात, पण त्याचा अर्थ इतकाच की लसिकाग्रंथी काढल्याच नव्हत्या, म्हणून त्यांच्याबद्दल पॅथॉलॉजिस्ट काही बोलू शकत नाही. त्या का काढल्या नाहीत? कारण ऑपरेशन गलगंडाचं होतं आणि ग्रंथी फुगलेल्या नव्हत्या. कॅन्सर आहे हे कुणालाच माहीत नसताना त्या खरवडून काढल्या असत्या तर मी सर्जनला दोष दिला असता. आहे तो रिपोर्ट पहिल्या टप्प्याचा आहे.

यांतली एखादी ओळ वेगळी असती तर माझं उत्तरही वेगळं असतं. आवरण फोडून बाजूच्या स्नायूत गेलेला, रक्तवाहिनीत शिरलेला, टॉल सेल किंवा हॉबनेल प्रकारचा, किंवा गळ्यात फुगलेल्या ग्रंथीत सापडलेला कॅन्सर, मग तो ६ मिलिमीटरचा का असेना, ‘लहान आहे’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. आणि रिपोर्टात पॅपिलरीऐवजी ‘मेड्युलरी’ असा शब्द असेल तर इथलं एक अक्षरही लागू नाही. तो वेगळ्याच पेशींचा कॅन्सर. त्यात रक्तातलं कॅल्सिटोनिन हे संप्रेरक तपासावं लागतं, रेट नावाच्या जनुकाची तपासणी करावी लागते आणि तो दोष घराण्यात उतरू शकतो म्हणून घरच्यांनाही बोलवावं लागतं. हे वाचणाऱ्या इतरांनी आपल्या कागदावरचा तो शब्द आधी नीट पाहावा.

आता सुई. सुई चुकली नाही. अनेक गाठींच्या गलगंडात सोनोग्राफीवर जी गाठ मोठी किंवा संशयास्पद दिसते तिच्यात सुई घालतात. तुमच्या आईंची ३ सेंटिमीटरची गाठ डाव्या बाजूला होती, तिच्यातून आलेलं बेथेस्डा २, म्हणजे ‘साधी गाठ’, हे उत्तर बरोबरच होतं. अंतिम रिपोर्टातही ती गाठ साधीच आहे. पेटीतला एक आंबा कापून पाहिला, तो चांगला निघाला. डाग दुसऱ्या थरातल्या आंब्याला होता, इतकाच प्रकार. १ सेंटिमीटरच्या आतल्या गाठींत साधारणपणे सुई घालूच नये असं अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हे धोरण जाणूनबुजून ठरवलेलं आहे, आणि त्याचं कारण पुढे येईल.

मग हा सापडला कसा? काढलेला थायरॉईड फॉर्मलीनमध्ये मुरला की पॅथॉलॉजिस्ट तो फळीवर ठेवून पातळ फोडी करतो. जुना गलगंड कापताना सुरी मध्येच करकरते, कारण आत जागोजाग चुना साठलेला असतो. फोडीवर तपकिरी, चकचकीत, सरसासारख्या कोलॉइडच्या गाठी दिसतात, काहींत जुनं रक्त. या सगळ्या पसाऱ्यात एखाद्या कोपऱ्यात पांढुरका, टणक, कडा ओढल्यासारखा एक ठिपका असतो. सुरीच्या टोकाला तो चिवट लागतो. चांगला पॅथॉलॉजिस्ट तिथे थांबतो, तेवढा तुकडा वेगळा घेतो आणि मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची केंद्रकं दुधी काचेसारखी फिकट, एकमेकांवर चढलेली, मधोमध रेघ ओढल्यासारखी दिसली की निदान झालं. फोडी जितक्या पातळ आणि ब्लॉक जितके जास्त, तितके असे ठिपके जास्त सापडतात. साध्या गलगंडासाठी काढलेल्या थायरॉईडांत शंभरात पाच ते पंधरा जणांत असं काहीतरी निघाल्याचं वेगवेगळ्या देशांतल्या अनुभवांत दिसतं. म्हणजे हा रिपोर्ट आमच्यासाठी रोजचा आहे, तुमच्या घरात मात्र तो पहिल्यांदाच आलाय.

या ठिपक्याला घाबरायचं किती, हे तीन देशांनी तीन वेगळ्या रीतीने दाखवून दिलं आहे.

फिनलंडमध्ये १९८५ साली इतर कारणांनी मेलेल्या १०१ माणसांचे थायरॉईड अगदी बारीक फोडी करून तपासले. ३६ जणांत पॅपिलरी कॅन्सर निघाला. यातल्या कुणालाही जिवंतपणी त्याचा पत्ता नव्हता. असे बारीक ठिपके नॉर्मल शरीराचाच भाग समजावेत, त्यांना कॅन्सर म्हणू नये, असं त्या संशोधकांनी तेव्हाच सुचवलं होतं. नाव काही बदललं नाही.

दक्षिण कोरियात उलटं झालं. १९९९ पासून तिथे सरकारी कॅन्सर तपासण्या सुरू झाल्या आणि थोडे जास्त पैसे भरून लोक त्यासोबत गळ्याची सोनोग्राफीही करून घेऊ लागले. २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. एका वर्षात ४० हजारांच्या आसपास नवे रुग्ण! इतके कॅन्सर वेळेत पकडले तर मृत्यू कमी व्हायला हवे होते ना? ते जिथे होते तिथेच राहिले. सापडत होते ते बहुतेक कॅन्सर कधीच कुणाला मारणार नव्हते. ऑपरेशन झालेल्यांना मात्र जन्मभराची गोळी लागली, काहींचं कॅल्शियम कायमचं घसरलं, काहींचा आवाज गेला. २०१४ मध्ये हे आकडे जाहीर झाल्यावर तिथली थायरॉईडची ऑपरेशनं वर्षभरात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटली.

जपानने सर्वांत धीराचं काम केलं. कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलमध्ये डॉ. अकिरा मियाउची यांच्या सूचनेवरून १९९३ पासून सुईने सिद्ध झालेला मायक्रोकार्सिनोमा असलेल्या रुग्णांना विचारायला सुरुवात झाली: ऑपरेशन करायचं की नुसतं लक्ष ठेवायचं? लक्ष ठेवलेल्या १,२३५ जणांचा हिशोब २०१४ मध्ये आला. दहा वर्षांत गाठ ३ मिलिमीटर किंवा जास्त वाढली ती शंभरात आठ जणांची, लसिकाग्रंथींत पसरली ती शंभरात चारपेक्षाही कमी जणांची. ज्यांची वाढली त्यांचं मग ऑपरेशन केलं आणि तेही ठीक राहिले. थायरॉईडच्या कॅन्सरने यातलं कुणीही दगावलं नाही. वय जास्त तसा वाढण्याचा धोका कमी, हेही त्यातच दिसलं. इतर बहुतेक कॅन्सरबद्दल आपण याच्या उलट ऐकत आलो आहोत.

एक गोष्ट ध्यानात घ्या. जपानी रुग्णांच्या गळ्यात गाठ होती तशीच ठेवली होती. तुमच्या आईंची तर मुळासकट बाहेर आली आहे.

त्यामुळे आयोडीनचा डोस कशासाठी, हा प्रश्न डोस सुचवणाऱ्यालाच विचारायला हवा. किरणोत्सारी आयोडीन १३१ थायरॉईडच्या उरल्यासुरल्या पेशी जाळतं. मोठ्या, पसरलेल्या कॅन्सरमध्ये ते फार मोलाचं औषध आहे आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये कोकणातल्या कित्येकांनी ते घेतलंय. पण थायरॉईडच्या आतच असलेल्या, एकट्या मायक्रोकार्सिनोमात त्याने काही फायदा होत नाही, आणि त्यासाठी ते देऊ नये असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. फ्रान्समध्ये झालेल्या एस्टिमाबल-२ चाचणीत याहून मोठ्या, २ सेंटिमीटरपर्यंतच्या कमी धोक्याच्या कॅन्सरमध्येही डोस न घेणारे तीन वर्षांनी डोस घेणाऱ्यांइतकेच बरे होते. २०२२ साली ते प्रसिद्ध झालं.

‘घेऊन टाकला तर बिघडतं काय’ हे मामांचं म्हणणं मला कळतं, पण बिघडतं. डोसाच्या आधी तीन-चार आठवडे थायरॉईडची गोळी बंद करावी लागते; अंग सुजतं, झोप झोप होते, बद्धकोष्ठ होतो, माणूस चिडका होतो. गोळी चालू ठेवून द्यायची इंजेक्शनं आहेत, पण ती महाग. वर एक-दोन आठवडे आयोडीन कमी असलेला आहार: पुड्यातलं मीठ बंद, ताजी मासळी बंद, सुकट-बांगडा बंद, दूध-दही आणि अंडीही जवळजवळ बंद. देवगडच्या घरात मग उरलं काय? पेज आणि मिठाविना भाजी. डोसानंतर काही दिवस नातवंडांपासून लांब राहायचं. पुढे काहींच्या लाळेच्या ग्रंथी सुजतात, तोंड कोरडं पडतं, अन्नाची चव जाते. ज्याला गरज आहे त्याने हे सगळं सोसावं. तुमच्या आईंना गरज नाही.

टाटाला न्यायचंच असेल तर नेऊ नका असं मी म्हणणार नाही. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, आणि मामांची झोप लागणं हाही एक फायदाच. पण आईंना घेऊन रात्रीच्या गाडीत बसण्याआधी ऑपरेशन झालं त्या लॅबमधून स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते मिळतात. दुसरं मत खरं तर त्यांच्यावरच होतं, आणि बऱ्याचदा ते घेऊन मुलगा एकटा गेला तरी चालतं. बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) किंवा कोल्हापूरला जाणार असाल तरीही हेच.

आता मासे आणि आयोडीन. समुद्रकाठच्या माणसाला गलगंड होत नाही हा समज इथे घट्ट बसलाय. मासळीतून आयोडीन मिळतं हे खरं. समुद्राच्या मिठातून मात्र जवळजवळ मिळत नाही. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ आणि ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास आयोडीन असतं. पाणी आटताना सगळं आयोडीन मिठात राहिलं असं धरलं, आणि तसं ते राहत नाही, तरी १० ग्रॅम खड्या मिठात १७ मायक्रोग्रॅम आलं. मोठ्या माणसाला रोज १५० लागतं. दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हातात पडताना दर ग्रॅमला निदान १५ मायक्रोग्रॅम असायला हवं, म्हणजे त्याच १० ग्रॅममध्ये १५०. शिरोड्याच्या मिठागराचा आम्हाला सगळ्यांनाच अभिमान आहे, १९३० चा सत्याग्रह तिथेच झाला, पण थायरॉईडसाठी पुड्यातलंच मीठ बरं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तोही मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून. तुमच्या आईंच्या लहानपणी कोकणातल्या घराघरांत खडे मीठच असायचं, आणि आषाढ-श्रावणात ताजी मासळीही नसायची.

तरीही त्यांचा गलगंड मिठामुळेच झाला असं मी छातीठोक सांगणार नाही. पन्नाशीच्या पुढच्या बाईच्या थायरॉईडमध्ये गाठी असणं फार सर्रास आहे. घराण्यात असतं, वय असतं, शरीराने स्वतःच्याच थायरॉईडवर उठणंही असतं. कॅन्सरचा संबंध तर आणखी गुंतागुंतीचा. आयोडीन कमी असलेल्या भागांत फॉलिक्युलर प्रकार जास्त दिसतो, पुरेसं असलेल्या भागांत पॅपिलरी. कुणी ‘मासे सोडा’ सांगेल, कुणी ‘कोबी सोडा’. दोन्ही ऐकू नका. डोस घ्यायचा नसल्याने जेवणात कसलंच पथ्य नाही.

गोळीबद्दल मात्र मी जरा सविस्तर लिहितो, कारण पुढची वीस-तीस वर्षं आईंची तब्येत तिच्यावरच अवलंबून आहे. पूर्ण थायरॉईड काढलेल्याला लेव्होथायरॉक्सिन साधारण वजनाच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम लागतं. ६० किलोच्या बाईला शंभराच्या आसपास. सकाळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि चहा किंवा पेज निदान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी चार तास लांब. माझ्याकडे ‘गोळी लागूच पडत नाही’ म्हणून येणाऱ्यांत निम्म्यांचं कॅल्शियम आणि थायरॉईड एकाच घोटाबरोबर चाललेलं असतं. उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यायची. आणि बाटली! लेव्होथायरॉक्सिनला दमट हवा, उष्णता, उजेड यांतलं काहीच मानवत नाही, आणि आपला पावसाळा म्हणजे चार महिने भिंतीला ओल. गोळ्या काढून स्टीलच्या डबीत भरू नका, बाटली चुलीजवळच्या फळीवर किंवा न्हाणीशेजारच्या देवळीत ठेवू नका. झाकण घट्ट लावून खोलीतल्या कपाटात ठेवा. कंपनी सारखी बदलू नका. बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, म्हणजे थायरॉईडला चालना देणाऱ्या संप्रेरकाची रक्ततपासणी; गोळी कमी पडली की ते वाढतं, जास्त झाली की घटतं.

टीएसएच किती ठेवायचा यावर दोन डॉक्टरांची दोन मतं तुम्हाला ऐकायला मिळतील. जुनी पद्धत अशी की कॅन्सर निघाला की डोस वाढवून टीएसएच शून्याजवळ दाबून टाकायचा. मोठ्या धोक्याच्या कॅन्सरमध्ये ते आजही करतात. तुमच्या आईंना ०.५ ते २ च्या दरम्यान पुरे. पाळी गेलेल्या बाईचा टीएसएच वर्षानुवर्षं दाबून ठेवला तर हाडं विरघळतात आणि हृदयाचे ठोके बेताल होतात. ४ मिलिमीटरच्या, तोही काढून टाकलेल्या कॅन्सरसाठी मांडीचं हाड मोडून घेण्यात अर्थ नाही.

ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येत असतील तर कॅल्शियम लगेच तपासा; दोन महिन्यांनंतरही येत असतील तर पॅराथॉर्मोनही, म्हणजे थायरॉईडला चिकटलेल्या छोट्या ग्रंथींचं, कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक. बहुतेकांचं हळूहळू सावरतं. आवाज घोगरा असेल, किंवा आरतीत वरची पट्टी लागत नसेल, तर सहा महिन्यांच्या आत एकदा स्वरयंत्र दुर्बिणीतून पाहून घ्या.

पुढच्या तपासण्या फार नाहीत. टीएसएच वर सांगितल्याप्रमाणे, डोस जमला की वर्षातून एकदा. थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशीच बनवतात ते प्रथिन) आणि त्याच्या अँटिबॉडी एकदा, नोंद म्हणून. गळ्याची सोनोग्राफी सहा महिने ते वर्षभरात एकदा, सराव असलेल्या रेडिओलॉजिस्टकडून. ती स्वच्छ आली तर दर तीन महिन्यांनी गळा चाचपून घेण्याची गरज नाही. पेट स्कॅन कुणी लिहून दिला तर कशासाठी ते विचारा. ज्यांचा अर्धाच थायरॉईड काढलाय आणि असाच रिपोर्ट आलाय त्यांनी उरलेला अर्धा काढायला धावू नये. अर्धा आत असताना थायरोग्लोब्युलिनचा आकडाही फारसं काही सांगत नाही.

बहिणींचं: एका आईला एक मायक्रोकार्सिनोमा, एवढ्यावरून निरोगी मुलींची सोनोग्राफी करू नये. जवळच्या नात्यात तीन किंवा जास्त जणांना थायरॉईड कॅन्सर असेल, किंवा मुलीला लहानपणी मानेवर किरणोपचार झाले असतील, तर गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१७ मध्ये लक्षणं नसलेल्या प्रौढांची अशी चाचणी करू नये असंच स्पष्ट सांगितलं, आणि कोरियाचं उदाहरण वर आलंच आहे. गळ्याला हाताला लागणारी गाठ आली, गिळताना अडलं, आवाज बसून राहिला, तर अर्थातच दाखवा. टीएसएच करायला हरकत नाही, पण त्याचा कॅन्सरशी संबंध नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विम्याचा प्रश्न येणारच. ऑपरेशनचा खर्च साध्या मेडिक्लेममधून नेहमीसारखा मिळतो. ‘क्रिटिकल इलनेस’ पॉलिसी असेल तर त्या एकरकमी पैशांच्या भरवशावर राहू नका: विमा नियामक आयआरडीएआयच्या ठरावीक व्याख्येत टी१एन०एम० टप्प्याचा, म्हणजे लहान आणि कुठे न पसरलेला, थायरॉईड कॅन्सर वगळलेला आहे. एजंट हे आधी सांगत नाही. पुढे नवी पॉलिसी घेताना मात्र हा रिपोर्ट लपवू नका, फॉर्मात निदानाचं पूर्ण नाव, मिलिमीटरमधला आकार आणि ऑपरेशनची तारीख लिहा, आणि रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडा.